कोशात माहिती कशी सापडते?

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे गाव घाटांसाठी आणि मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. मराठी विश्वकोशाचे मोठे कामही याच गावात झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते. मुख्य नोंदींचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विसावा खंड पूर्ण होण्यास २०१५ साल उजाडले.

वीस खंडांत आपल्याला हवी असलेली माहिती कोठे आहे, हे कसे कळणार? माहिती ग्रंथात आहे, पण सापडत नाही, तर ती असून नसल्यासारखीच! म्हणून चांगला कोश रचताना वाचकाच्या सोयीचाही विचार करावा लागतो.

पहिली सोय म्हणजे अकारविल्हे क्रम. उर्दू लुगतीत 'किताब' शोधताना आपण काफनंतर ते पाहतो. जेर, जबर सहसा लिहीत नाहीत. मराठीत मात्र मात्रेला महत्त्व आहे. क, का, कि, की असा बाराखडीचा क्रम लावून आधी 'कि' गाठावी लागते. 'कृष्णा' हा शब्द 'कू'नंतर आणि 'के'च्या आधी येतो. हा क्रम ठाऊक नसेल, तर शब्द समोर असूनही हाती लागत नाही.

दुसरी सोय 'पहा' या छोट्या शब्दाची. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा' असे लिहून संबंधित नोंदींची नावे दिलेली आढळतात. त्यामुळे एका नोंदीवरून दुसरीकडे जाता येते.

तिसरा प्रश्न नावाचा. घरी आपण ज्या आजाराला 'शुगर' म्हणतो, त्याची माहिती कोशात 'मधुमेह' या नावाखाली असते. नावच माहीत नसेल, तर वर्णक्रम काय करणार? अशा वेळी विषयवार यादी उपयोगी पडते.

संगणकाच्या जगातही हीच अडचण येते. जावा, पायथन यांसारख्या प्रोग्रॅमिंग भाषांबरोबर पुष्कळ तयार आज्ञा मिळतात. कोणती आज्ञा काय करते, तिला कोणती माहिती पुरवावी आणि ती काय परत देते, हे एपीआयच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. जावाच्या माहितीपत्रकात वर्णक्रमाने सूची असते, विषयवार गट असतात आणि 'हेही पहा' अशी खूणही असते. २०१७ साली जावाच्या नवव्या आवृत्तीत त्याला शोधचौकट जोडली गेली. पायथनच्या माहितीपत्रकातही विषयवार प्रकरणे आणि वर्णक्रमाची सूची अशा दोन्ही वाटा आहेत.

शोधचौकट आली, तरी बाकीच्या सोयी निरुपयोगी झाल्या नाहीत. समजा, नवशिक्याला वर्गातील मुलांची नावे क्रमाने लावायची आहेत. त्या आज्ञेचे नाव 'सॉर्ट' आहे, हेच त्याला ठाऊक नाही. मग चौकटीत तो काय लिहिणार? त्याला विषयवार गट आणि लहानसे उदाहरणच मदत करते. नाव जाणणाऱ्यासाठी सूची हवी, न जाणणाऱ्यासाठी गट हवेत आणि पुढे जाऊ इच्छिणाऱ्यासाठी 'पहा' हवे.

मुलांनो, शाळेच्या ग्रंथालयात गेल्यावर एखादा मराठी कोश अवश्य उघडा. आपल्या गावाचे किंवा नदीचे नाव त्यात शोधा. कोश पाहण्याची सवय लागली, की प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारावे लागत नाही. आपले उत्तर आपणच शोधता येते.