यंत्र उत्तीर्ण झाले, पुढे काय?

मुलाला वा मुलीला व्यापारव्यवस्थापनाचे उच्च शिक्षण द्यावयाचे म्हणजे कुटुंबाला मोठा खर्च सोसावा लागतो. पुष्कळदा कर्जही काढावे लागते. एवढे करून जे ज्ञान मिळवावयाचे, ते एखादे यंत्र क्षणार्धात देऊ लागले तर? हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८१ साली स्थापन झालेले व्हॉर्टन हे नामांकित व्यापारविद्यालय आहे. तेथील प्राध्यापक ख्रिश्चन टरविश यांनी आपल्या विषयाच्या अंतिम परीक्षेतील प्रश्न चॅटजीपीटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला घातले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: ते उत्तीर्ण झाले असते, ‘बी’च्या आसपासची श्रेणी त्याला मिळाली असती. भाषा सुबक, कारणमीमांसाही पटण्याजोगी. मौज अशी की, सहाव्या इयत्तेतील मुलाला यावे असे साधे गणित त्याने मधूनच चुकविले.

त्याच विद्यालयातील प्राध्यापक एथन मॉलिक यांनी यंत्राला वर्गाबाहेर ठेवले नाही. उलट विद्यार्थ्यांना ते वापरावयास सांगितले. अट अशी की, यंत्राने दिलेला आकडा वा माहिती स्वतः पडताळावी. चूक राहिल्यास जबाबदारी विद्यार्थ्याची.

ही अट किती मोलाची आहे, हे त्याच वर्षी दिसून आले. हार्वर्ड व अन्य विद्यापीठांतील संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या संस्थेच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. यंत्राच्या आवाक्यातील कामे त्याच्या साहाय्याने शेकडा २५ नी लवकर आणि अधिक चांगली झाली. परंतु एका कामात आकड्यांशी मुलाखतींतील बारकावे ताडून पाहणे आवश्यक होते. तेथे यंत्राविना काम करणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ८४ जणांचे उत्तर बरोबर आले. यंत्र वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६० ते ७० वर उतरले. सफाईदार उत्तराने शिकलेसवरलेले लोकही चकतात, ते असे.

जुने मुनीम कीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्यावाचून दिवा मालवीत नसत. तीच सवय या नव्या शिक्षणाचा गाभा होऊ पाहत आहे. तेव्हा आपल्या पाल्याने यंत्राला विचारण्यापूर्वी स्वतःचा अंदाज कागदावर मांडावा आणि मागाहून दोन्ही ताडून पाहावे, हे उत्तम. उत्तर देणे यंत्राला साधले आहे. त्या उत्तराखाली सही करून त्याचा भार उचलणे माणसालाच शिकावे लागेल. शुल्क भरावयाचे, ते यासाठी.