मारायला मुभा, खायला मनाई

कोकणातले भात रानडुकरांनी एका रात्रीत लोळवले की शेतकऱ्यापुढे एक चमत्कारिक कायदा उभा राहतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला बंदी घालतो, पण उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी त्याच कायद्याच्या 11व्या कलमाखाली मिळू शकते. मेलेले डुक्कर मात्र 39व्या कलमानुसार सरकारी मालमत्ता. केरळने 2022 मध्ये ही परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक पंचायतींपर्यंत नेला. तिथेही मारलेले डुक्कर पुरून टाकायचे असते. जीव घेतलेला चालतो, त्याचे मांस पोटात गेलेले चालत नाही. मला हे नीतीच्या दृष्टीने उफराटे वाटते. जनावर मारावेच लागणार असेल, तर त्याचे मांस वाया घालवणे हा दुसरा अन्याय आहे.

शिवाय बंदीने खाणे थांबलेले नाही, ते लपले आहे. लपून करायच्या शिकारीत बंदुकीचा आवाज नको असतो, म्हणून फासकी लागते. ती डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. विदर्भात डुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारांनी वाघ मेले आहेत. गावठी बॉम्ब तर सगळ्यांत वाईट. आमिष चावले की जबडा फुटतो, पण जीव जात नाही. जनावर उपाशी, तहानलेले भटकत राहते. 2020 मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने तोंड फाटून मेली. उलट फासेपारध्यांची रीत पाहा. संशोधक माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवले आहे, की हरणांच्या फाशात सापडलेली पाडसे आणि गाभण माद्या ते सोडून देत. उद्याही शिकार मिळावी, हा हिशेब त्यात होताच. पण संयम हिशेबातून आला म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

मारणेच पाप, असे मानणाऱ्या शाकाहारी माणसाशी माझा वाद नाही. त्याची भूमिका सुसंगत आहे. पण जेमतेम सहा आठवडे शेडमध्ये दाटीवाटीने वाढलेली ब्रॉयलर कोंबडी बिनदिक्कत विकत घेणाऱ्याने, मोकळ्या रानात जगून एका नेमक्या गोळीने मेलेल्या डुकराबद्दल हळहळावे, हे मला समजत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे: एकदा मांसाला वाट दिली की बाजार उभा राहील, आज डुक्कर, उद्या चितळ. ही भीती पोकळ नाही; परवान्यांच्या जमान्यातल्या बेसुमार शिकारीमुळेच हा कायदा करावा लागला. त्यावर माझे उत्तर एवढेच, की विक्रीला पूर्ण बंदी असावी आणि मांस गावातच वाटले जावे. रोगाची शंका तपासणीने मिटते. जर्मनीत शिकाऱ्याला अवघड परीक्षा द्यावी लागते आणि रानडुकराचे मांस खाण्याआधी त्यातले जंत तपासणे बंधनकारक आहे.

अडचण आहे ती मोजणीची. वाघांची गणना दर चार वर्षांनी देशभर होते, डुकरांची तशी होत नाही. आणि किती आहेत हेच माहीत नसेल, तर किती मारावीत हे ठरवणार कशावर? म्हणून आधी तालुक्यागणिक मोजणी, मग मारण्याची मर्यादा आणि त्यानंतर मांसाची मुभा. हा क्रम चुकवून कोणी घाईने परवानगी मागू लागले, तर मी बंदीच्याच बाजूने उभा राहीन.