गंधर्वांचे वार्धक्य

इंदूरच्या लालबागेत, होळकरांच्या राजवाड्यासमोरील झाडांखाली, परवा आम्ही घटकाभर टेकलो असता दोघा मराठी वृद्धांचा वाद आमच्या कानी पडला. विषय बालगंधर्व! एकाने कुमारवयात, १९५० नंतर, त्यांना स्त्रीवेषात पाहिले होते. "डोळे मिटून ऐकले," असे ते सांगत. दुसऱ्यांचे वडील मात्र नाटक अर्ध्यावर टाकून उठले होते.

१९११ साली 'मानापमाना'त भामिनी होऊन आले तेव्हा नारायणराव राजहंस तेविसाव्या वर्षात होते. साठी उलटल्यावरही त्यांनी शालू नेसावा, हे ज्यांना साहवले नाही त्यांना आम्ही कृतघ्न म्हणणार नाही. त्यांनी आपली भामिनी जपली. पण ज्याच्या मंडळीवर कर्जाचा डोंगर, ज्याला निवृत्तिवेतन नाही, त्या नटाने वय झाले म्हणून रंग पुसायचा आणि खायचे काय? 'पद्मभूषण' मिळाले ते १९६४ साली. तोवर रंगभूमी सुटली होती.

'रोलिंग स्टोन्स' हा विलायती रॉक वाद्यवृंद २००३ साली मुंबईत आला तेव्हा मिक जॅगर साठीला टेकला होता, आणि २०२४ मध्ये ऐंशी वर्षांचा होऊनही तो दौऱ्यावर होताच. त्याला पोटासाठी नाचावे लागत नाही, एवढाच काय तो फरक!

आम्ही न राहवून मध्येच आमच्या मंगेशीच्या दीनानाथांचे नाव काढले. त्यांची कन्या लता १९२९ साली ह्याच इंदुरात जन्मली; ते स्वतः १९४२ साली, अवघ्या एक्केचाळिशीत गेले. दोघेही गप्प झाले. मग अर्ध्यावर उठलेल्यांचे चिरंजीव म्हणाले, "ते म्हातारे झाले असते, तरी ऐकले असते हो!"