श्वासाची देवघेव

निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पहाटेची कवायत आठवत असेल. मैदानाला चार फेऱ्या मारून रांगेत उभे राहिले की छाती भात्यासारखी वरखाली होत असे आणि काही काळ तोंडून शब्द फुटत नसे. धावले ते पाय. मग धाप छातीला का लागावी? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मानवी श्वसनसंस्थेचे जवळजवळ सगळे कार्य सामावलेले आहे.

पायाच्या स्नायूंतील प्रत्येक पेशी अन्नातून मिळालेल्या शर्करेचे ऑक्सिजनच्या साहाय्याने विघटन करते व त्यातून ऊर्जा मिळवते. या क्रियेत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजन सतत पुरवावा लागतो व कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर टाकावा लागतो. अन्नावाचून माणूस काही आठवडे, पाण्यावाचून काही दिवस तग धरू शकतो. परंतु ऑक्सिजन थांबला तर मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. कारण शरीरापाशी त्याचा साठा नाममात्र असतो.

हवेची वाट

नाकातून आत जाणारी हवा प्रथम गाळली जाते, उबदार व दमट होते. तेथून ती घसा व स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत येते. श्वासनलिकेला दोन शाखा फुटतात. एक उजव्या फुप्फुसाकडे, दुसरी डाव्या फुप्फुसाकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात. डाव्या बाजूस हृदयाला जागा द्यावी लागते म्हणून तेथे दोनच. पुढे या शाखांना उपशाखा फुटत जातात. असे सुमारे २३ वेळा विभाजन झाल्यावर शेवटी द्राक्षांच्या घडासारखे वायुकोश येतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या ३० कोटींहून अधिक असते. हे सर्व कोश उलगडून पसरता आले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे एका मोठ्या वर्गखोलीएवढी जागा व्यापतील.

फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छातीच्या तळाशी असलेला घुमटाकार स्नायू, म्हणजे श्वासपटल, आकुंचन पावून खाली सरकतो. बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात. छातीची पोकळी मोठी होताच आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत शिरते. म्हणजे हवा आत गेल्यामुळे छाती फुगते असे नसून, छाती फुगल्यामुळे हवा आत जाते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांपैकी १५० मिलिलिटर नळ्यांमध्येच राहते. तिचा देवघेवीला उपयोग होत नाही. उथळ व भराभर श्वासांपेक्षा संथ, खोल श्वास अधिक फलदायी का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

वायुकोशाच्या भिंतीपाशी

प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. वायू आपल्या दाबाच्या उतारावरून वाहतो. वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर तेथे येणाऱ्या रक्तातील दाब ४० असतो. म्हणून ऑक्सिजन रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात सुमारे ४५ व वायुकोशात ४० असतो. म्हणून तो उलट दिशेने बाहेर येतो. या देवघेवीसाठी शरीराला ऊर्जा खर्चावी लागत नाही. रक्त केशवाहिनीत पाऊण सेकंदच राहते, तरी त्याच्या पहिल्या तृतीयांशातच हे काम बहुतेक पूर्ण होते. उरलेला वेळ धावणाऱ्याच्या उपयोगी पडतो, कारण तेव्हा रक्त वेगाने पुढे ढकलले जाते.

नुसत्या द्रवात ऑक्सिजन फारच थोडा विरघळतो. लिटरमागे केवळ ३ मिलिलिटर. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमुळे हेच प्रमाण सुमारे २०० मिलिलिटर होते. कष्ट करणाऱ्या स्नायूत उष्णता व आम्लता वाढते, तशी हिमोग्लोबिनची पकड सैल होते व जेथे गरज अधिक तेथेच ऑक्सिजन अधिक सुटतो. परतीच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तातून येतो. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. सोडलेल्या हवेतही तो १६ टक्के उरतो. बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देता येतो, तो यामुळेच.

श्वासाची आज्ञा

श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र त्याच्यावर सतत लक्ष ठेवते. म्हणूनच विहिरीत सूर मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेण्याची मुलांची सवय घातक आहे. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी मेंदूकडून वर येण्याचा इशारा मिळत नाही आणि मूल बेशुद्ध होऊ शकते. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

जेथे वाट अडते

ज्या पडद्यावर हे सारे अवलंबून आहे, त्याचे वैरी आपल्या घरात व कामाच्या जागी असतात. चुलीचा व विडीचा धूर श्वासनलिकेतील कचरा वर लोटणारे सूक्ष्म तंतू निकामी करतो. वर्षानुवर्षे धूर जात राहिला की वायुकोशांच्या भिंती फाटतात, अनेक लहान कोशांचा एक मोठा कोश बनतो आणि देवघेवीचे क्षेत्र घटते; ते पुन्हा भरून येत नाही. दगडखाणीतील व खडी केंद्रावरील बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते व तेथे व्रण तयार करते. हिवाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्याला वासही नसतो. आपल्या पिढ्यांनी फुंकणीने चूल पेटवून व खडी फोडून मुले शिकवली. त्या मातांच्या खोकल्याला ‘वयाचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नये. स्वयंपाकघराला धुराडे व खिडकी असावी, धुळीत काम करणाऱ्याला पाण्याचा फवारा व योग्य मास्क मिळावा, आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयासाठी तपासून घ्यावा.

विदर्भातील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा आजार परिचित आहे. त्यात फुप्फुसात घेतलेला ऑक्सिजन ऊतींना दिल्यानंतर सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. असह्य वेदना उठतात त्या यामुळे. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते; परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी एक साधी रक्ततपासणी हे सांगू शकते. त्यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. धावताना पायांच्या पेशींनी मागणी वाढवली, रक्ताने ती मेंदूपर्यंत पोचवली, मेंदूने छातीला कामाला लावले. थांबल्यावरही धाप चालू राहते, कारण स्नायूंत साठलेले देणे फेडून व्हायचे असते. पायांचे कर्ज छाती फेडते, असे म्हणता येईल. ही छाती जन्मभर धड राहावी, एवढी काळजी आपण एकमेकांची घेतली पाहिजे.