भाकरी सोडू नका, आधी चहा-तेलाचा हिशेब करा
वजन कमी करायचं असो की वाढवायचं, आहारतज्ज्ञ नेमकं काय करतात? त्यांच्याकडे जाताना सोबत काय न्यावं?

पूर्वी लाइट आली की मोटार चालू करायला विहिरीपर्यंत चालत जावं लागायचं. आता घरी बसून मोबाइलवरून मोटार चालू होते. नांगरट, पेरणी, मळणी यंत्रावर आली. वरच्या आळीला जायचं तरी मोटारसायकल निघते. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. पण ताटातलं जेवण तेवढंच राहिलं, उलट तेल, साखर आणि पाकिटातला खाऊ वाढला. त्यामुळे पोट सुटणं ही आता फक्त शहरातली गोष्ट राहिलेली नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के महिलांचं आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. त्याच पाहणीत जवळपास १९ टक्के महिला आणि १६ टक्के पुरुष गरजेपेक्षा बारीक निघाले. एकाच गावात दोन्ही अडचणी आहेत आणि दोन्हींसाठी आहारतज्ज्ञाचा सल्ला उपयोगी पडतो.

वजन जास्त आहे हे कसं ओळखायचं?

साधी टेप पुरे. बेंबीच्या जरा वर कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हायला हवं. आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरताना कंबरेचं माप विचारतात ते याचसाठी. पोटावरची चरबी मधुमेह आणि रक्तदाबाला आमंत्रण देते.

वजनाचा अंदाज असा: साडेपाच फुटाला एक इंच कमी, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन साधारण ५० ते ६२ किलो योग्य. पाच फूट उंचीच्या बाईचं ४३ ते ५३ किलो. गरोदर बाईला हे माप लागू नाही आणि तिनं वजन कमी करण्याच्या फंदातही पडू नये.

आहारतज्ज्ञ काय करतात?

बऱ्याच जणांना वाटतं, तिथं गेलं की सॅलड आणि ओट्सचा कागद हातात मिळणार. चांगला आहारतज्ज्ञ आधी विचारतो. सकाळी किती वाजता उठता, चहा किती वेळा होतो, घरात तेल किती येतं, स्वयंपाक कोण करतं, काम काय, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मग तुमच्याच ताटात फेरफार सुचवतो.

त्याचा हिशेब कसा असतो बघा. समजा, एक शेतकरी दिवसात पाच कप चहा घेतो. घरी, शेतात, चौकात, पाहुण्यांसोबत. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो साखर एकट्याच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम.

तेलाचं तसंच. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल झालं. २० ते ३० ग्रॅममध्ये भागायला हवं. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे धान्याच्या दुपटीहून जास्त. भाजीवर तर्री आलीच पाहिजे हा हट्ट सोडला तरी बराच फरक पडतो.

मग भाकरीचं काय?

ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण ती खाल्ली म्हणजे वजन आपोआप उतरतं हा गैरसमज आहे. तेवढ्याच पिठाच्या चपातीत आणि भाकरीत कॅलरी जवळपास सारख्याच. प्रश्न किती खाल्ली याचा आणि सोबत काय घेतलं याचा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडे तो ५० ते ७० टक्के असतो. अर्धं ताट भाजी आणि फळांचं असावं, असंही संस्था सांगते. आपल्या घरी मात्र तीन भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण असतं. मेथी बाजारात जाते, दूध डेअरीला जातं, घरात उरतं ते चहापुरतं. म्हणून आहारतज्ज्ञ बहुतेक वेळा तीनऐवजी दोन भाकरी, घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी, एखादं अंडं, काकडी-मुळा आणि ताक असं सुचवतात. पोटही भरतं आणि वजनही आवरतं.

उपवासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि तेल. वाटीभर खिचडीनंही बऱ्याच कॅलरी पोटात जातात.

घाई अंगाशी येते

महिन्यात दहा किलो कमी करण्याच्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. ओळखीतलंच कुणीतरी पावडरीचा डबा घेऊन दारात येतं. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, पण विकणारा माणूस आहारतज्ज्ञ नसतो. डबा बंद केला की वजन बहुधा परत येतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं प्रोटीन पावडर डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं आहे.

सर्वांत मोठा धोका मधुमेहाच्या पेशंटला. गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण बंद केलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. आहार बदलला की गोळीचं प्रमाणही डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं.

आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं ही चांगली चाल. ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. सोबत आठवड्यात १५० मिनिटं झपाझप चालणं हवं. खुरपणी, कुदळकाम हा व्यायामच आहे. ट्रॅक्टरवर बसणं त्यात धरू नका.

प्रयत्न न करता वजन घटत असेल तर मात्र आधी दवाखाना. क्षयरोग आणि मधुमेहाची तपासणी करून घ्या. त्यानंतर वजन वाढवण्याचा आहार ठरवायचा.

कुठं जायचं, काय न्यायचं?

सुरुवात गावच्या उपकेंद्रातून करा. तिथं ३० वर्षांवरच्यांची रक्तदाब आणि साखर तपासणी मोफत होते. पुढं जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या विभागात आहारतज्ज्ञाबद्दल विचारा. उपजिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. खासगीत जायचं तर शिक्षण विचारायला लाजू नका. आहारशास्त्राची पदवी हवी, आठ दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट नव्हे.

जाताना एवढं सोबत ठेवा:

- जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं
- तीन दिवसांच्या खाण्याची नोंद. लिहिणं जमत नसेल तर प्रत्येक ताटाचा आणि चहाचा मोबाइलवर फोटो काढा
- महिन्याला घरात येणाऱ्या तेल-साखरेचा आकडा
- घरात स्वयंपाक करणारं माणूस

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पथ्य एकट्याच्या ताटात टिकत नाही. घरच्या बाईनं एकासाठी वेगळी भाजी रोज करावी ही अपेक्षा चार दिवसांत मोडते. घरात येणारं तेलच पाच लिटरवरून साडेतीन लिटरवर आलं, तर कुणालाही वेगळं न वाढता सगळ्या घराचं पथ्य होतं.