मिलिमीटरची कारागिरी

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी चष्म्यांच्या साखळी दुकानात ऑप्टिशियनचा दिवस बहुधा पार्सल फोडण्यापासून सुरू होतो. खोक्यात तयार चष्मे असतात, प्रत्येकासोबत गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. एकेक चष्मा लेन्सोमीटरखाली धरायचा, उजव्या-डाव्या काचेचा नंबर वाचायचा, मध्यबिंदूवर शाईचा ठिपका द्यायचा, दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं आणि सगळं चिठ्ठीशी ताडून पाहायचं. जुळलं तर गिऱ्हाइकाला फोन, नाही जुळलं तर चष्मा परत खोक्यात.

चष्मा आता दुकानात बनत नाही. नंबर, फ्रेमचा क्रमांक आणि तीन-चार मापं संगणकावरून कारखान्याकडे जातात. लेन्सकार्टचा मोठा कारखाना राजस्थानात भिवाडीला आहे, टायटन आयप्लसची लेन्स प्रयोगशाळा कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरला. अशा ठिकाणी यंत्रावर काच घासली जाते, तिच्यावर लेप चढतो, ती फ्रेममध्ये बसते आणि कुरिअरने गावी येते. दुकानात उरतं ते दोन टोकांचं काम: आधी माप घेणं आणि शेवटी चष्मा चेहऱ्यावर बसवणं. बघणाऱ्याला ही हमाली वाटते. पण चष्मा लागू पडतो की कपाटात पडून राहतो, हे ठरतं याच दोन टोकांवर.

साखळी दुकान ही कल्पना आपल्याकडे जुनीच. लॉरेन्स अँड मेयो १८७७ पासून चष्मे विकते आहे. पण तो मोठ्या शहरांचा मामला होता. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात चष्म्याचं दुकान म्हणजे एका घराचा धंदा. मुलगा गल्ल्यावर आणि वडील आतल्या खोलीत दगडावर. पक्कडीने काचेची कड कुरतडायची, ओल्या दगडावर घासून तिला आकार द्यायचा, फ्रेमच्या खाचेत बसते का पाहायचं, पुन्हा घासायची. हात जरा जड पडला की काच गेली. मग काचेच्या जागी प्लास्टिक आलं, दगडाच्या जागी कड घासणारं एजिंग मशीन आलं, आणि २००७ मध्ये टाटांच्या टायटनने आयप्लसची दुकानं काढली. २०१० मध्ये लेन्सकार्ट उतरलं. त्याचे सहसंस्थापक पियूष बन्सल टीव्हीवरच्या ‘शार्क टँक’मुळे गावोगावी ओळखीचे झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी शेअर बाजारातही आली. फ्रँचायझीच्या वाटेने ही दुकानं लहान शहरांत पोचली. ठरलेली किंमत, फुकट तपासणी, पक्कं बिल, एसी आणि भिंतभर फ्रेमा. जुन्या दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं ते यामुळे. भरीस भर म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला.

यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, तालुके १६. उमरखेडच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर एसटीत बसावं लागतं. त्यामुळे चष्म्यासाठी येणारा माणूस एरवीची चार कामं पोतडीत घेऊन येतो: कोर्टाची तारीख, बँक, दवाखाना, आणि जमलं तर डोळे. ‘आठ दिवसांनी या’ हे वाक्य त्याला किती महाग पडतं, हे काउंटरमागच्या माणसाला उमजलं पाहिजे. माप पहिल्या खेपेलाच बरोबर घेण्याला इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त मोल आहे.

तपासणी सुरू होते ती ‘एआर’ने, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटरने. हनुवटी टेकवायची, आत दिसणाऱ्या चित्राकडे बघायचं. काही क्षणांत चिठ्ठी बाहेर: गोल नंबर, एकाच दिशेतल्या दोषाचा नंबर म्हणजे सिलिंडर, आणि त्या दिशेचा कोन म्हणजे अ‍ॅक्सिस. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, झालं काम. जाणत्याला ठाऊक असतं की हा नंबराचा नुसता अंदाज आहे. पुढे ट्रायल फ्रेम नाकावर चढते, एकेक काच बदलली जाते आणि ‘आता बरं की मघाचं बरं?’ हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो. समोरचा तक्ता मराठी अक्षरांचा असतो, इंग्रजीचा असतो, आणि न वाचणाऱ्यासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा. झरी आणि केळापूरकडचे कोलाम, पुसद-दिग्रसकडची बंजारा मंडळी, वणीच्या कोळसा खाणीत कामाला आलेले परप्रांतीय या सगळ्यांना चालतो तो हाच शेवटचा तक्ता. बोटांनी दिशा दाखवायची. भाषेचा प्रश्नच मिटतो.

पण खरी तपासणी तक्त्याच्या आधी, एका साध्या प्रश्नाने होते.

“काकाजी, काम काय करता?”

“वावर हाये जी. दूरचं चांगलं दिसते मले. फवारणीच्या डब्यावरचं मात्र काहीच वाचता येत नाही.”

या उत्तरात अर्धा नंबर मिळतो. जवळच्या नंबराचं गणित सोपं आहे: शंभराला नंबराने भागलं की सेंटिमीटरमध्ये अंतर येतं. ज्याच्या डोळ्याची जवळ बघण्याची स्वतःची ताकद पुरती ओसरली आहे, त्याला प्लस अडीचच्या काचेने ४० सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसेल, दोनने ५० आणि दीडने ६६ सेंटिमीटरवरचं. पोथी वाचणाऱ्याला अडीच हवा. तराजूच्या काट्याकडे बघणाऱ्या किराणावाल्याला तोच अडीच दिला तर काटा धूसर होईल आणि तो चष्म्याला शिव्या घालेल. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या डेनिम कारखान्यात कापडावरचा दोष हेरणारा, लग्नसराईत मान मोडून बसलेला शिंपी, मशीनवर बिलं काढणारा एसटी कंडक्टर, या प्रत्येकाचं अंतर निराळं. वय पन्नास म्हणून दोनचा नंबर, हा ठोकताळा रेडिमेड चष्म्याच्या टोपलीला शोभतो.

फवारणीच्या डब्याची गोष्ट इथे जिवावरची आहे. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्याची कारणं अनेक होती आणि त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. चष्म्याच्या बाजूने एवढंच दिसतं की औषधाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण लांबूनही कळतो. पण प्रमाण, खबरदारी आणि उतारा छापलेला असतो तो मुंगीएवढ्या अक्षरांत. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना चष्म्याशिवाय ती अक्षरं वाचता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात ८२ कोटींहून जास्त लोकांना जवळच्या चष्म्याची गरज आहे आणि तो मिळालेला नाही. त्याने फरक किती पडतो? आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहणी केली तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं खुडण्याची गती सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. चहा खुडणारे हात आणि कापूस वेचणारे हात यांत फार अंतर नाही.

नंबर ठरला की मापाची पाळी. पहिलं माप पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं, आणि नाकाच्या मध्यापासून दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. उजवीकडे ३१, डावीकडे ३३ हे नेहमीचंच. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर काच प्रिझमचं काम करू लागते. किती, ते न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस या चष्मेवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवलं आहे: नंबर गुणिले सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये. मायनस ६ ची काच ५ मिलिमीटर सरकली की ३ प्रिझम. एक प्रिझम म्हणजे एक मीटरवरची वस्तू एक सेंटिमीटर हललेली दिसणं. डोळे बिचारे ती ओढ सांभाळून घेतात, पण संध्याकाळी कपाळ ठणकतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, “नंबर चुकला.” नंबर बरोबरच असतो, चुकलेली असते पट्टी.

सिलिंडरचा अ‍ॅक्सिस त्याहून नाजूक. तो दहा अंशांनी फिरला तर सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दोष तसाच राहतो. तीस अंशांनी फिरला तर चष्मा लावला काय, न लावला काय, दोष तेवढाच. गोल फ्रेममध्ये काच सैल बसली की ती आपोआप फिरते. म्हणून जुना कारागीर गोल फ्रेम देताना काच बोटांनी फिरवून बघतो आणि मगच पुढे करतो.

एकाच काचेतून दूरचं आणि जवळचं दाखवणाऱ्या बायफोकल आणि प्रोग्रेसिव्हमध्ये उंचीचं माप येतं. बायफोकलची आडवी रेघ साधारण खालच्या पापणीशी ठेवायची, असं पुस्तक सांगतं. पण बांधावरून चालणाऱ्या माणसाला त्याच रेघेखालून पायाखालची वाट दिसते, आणि ती धूसर असते. त्याच्यासाठी रेघ दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी. लेखनिकासाठी ती आहे तिथेच बरी. प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिची अट एकच: काचेवरची खूण बरोबर बाहुलीसमोर हवी. त्यासाठी गिऱ्हाइकाला निवडलेली फ्रेम घालून, ती आधी नीट बसवून, समोर नेहमीसारखं बघायला सांगायचं आणि आपला डोळा त्याच्या डोळ्याच्या पातळीला आणून स्केच पेनने ठिपका द्यायचा. उभ्या उभ्या, वरून बघून ठिपका दिला की तो चुकलाच. वीस हजारांचा चष्मा या एका ठिपक्यावर तरतो किंवा बुडतो.

आणि मग बसवणी. चष्मा उलटा करून टेबलावर ठेवला की दोन्ही काड्या टेकतात का ते कळतं. टेकत नसतील तर फ्रेम पिळलेली आहे. प्लास्टिकची काडी हीटरवर ऊन करायची, कानाच्या वळणामागे वाकवायची. धातूच्या फ्रेमचे नोज पॅड बारीक पक्कडीने आत-बाहेर करायचे. मुळात कान खाली-वर असलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. त्यांची काडी मुद्दाम वाकडी करावी लागते, तेव्हा कुठे चष्मा सरळ दिसतो. उन्हाळ्यात इथला पारा ४५ ला भिडला की घामाने चष्मा नाकावरून घसरतो, आणि घसरलेल्या प्रोग्रेसिव्हचा जवळचा भाग गालावर जातो. अशी दुरुस्ती दुकानं बहुधा फुकटच करून देतात. पण ती करणाऱ्याच्या नावावर ती कुठेच जमा होत नाही.

जमा होतं ते टार्गेट. महिन्याची विक्री, सरासरी बिल, किती जणांना दुसरा चष्मा विकला, किती काचांवर जादा लेप चढवला. ‘ब्लू कट’ हा त्यातला लाडका. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळे शिणतात, हा लेप घ्या, असं सांगणं सोपं. गिऱ्हाईकही मान डोलावतं. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा या काचांनी डोळ्यांचा शीण, निदान अल्पकाळात, कमी होतो असं काही दिसलं नाही. प्रामाणिक ऑप्टिशियन सांगतो, पापण्या मिचकवा, अधूनमधून लांब बघा. त्या सल्ल्याचं बिल निघत नाही. कामाची ओढाताण इथे आहे: पोट टार्गेटवर, आणि अब्रू बसवणीवर.

सगळ्यात कठीण काम म्हणजे चष्मा न विकणं. साखर अनियंत्रित असलेल्या माणसाचा नंबर आठवड्यागणिक हलतो. त्याला आधी रक्त तपासायला धाडावं. साठीतल्या माणसाचा वाचायचा चष्मा अचानक सुटला तर घरचे कौतुक करतात, पण बऱ्याचदा तो मोतीबिंदू असतो. फवारणीच्या दिवसांत कुणी ‘कालपासून अंधुक दिसते’ म्हणत आला आणि त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर एआरवर बसवूच नये. काही कीटकनाशकांमुळे डोळ्याचे आतले स्नायू आवळून धरतात आणि यंत्र खोटा मायनस नंबर दाखवतं. त्या माणसाची जागा वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे, तीही तातडीने. एक विक्री गेली तरी चालेल.

हे सगळं शिकायचं कुठे? ऑप्टोमेट्रीची पदवी असते, तिचं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. शिवाय पदविकाही आहेत. नागपूर-पुण्याला शिकून आलेली मुलं-मुली या दुकानांत तपासणीला बसतात. २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा मिळाली. माप घेऊन चष्मा बसवणाऱ्याला मात्र आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. तो शिकतो शेजारच्याकडे बघून. आता तपासणीही दूरस्थ होऊ लागली आहे: गिऱ्हाईक दुकानात, तपासणारा दुसऱ्या शहरात पडद्यावर. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ मिळत नसताना ही सोयच म्हणायची. पण पडद्यावरचा माणूस काडी वाकवू शकत नाही. नंबर काढणं जसजसं यंत्राकडे आणि पडद्याकडे जाईल, तसतसं दुकानातल्या माणसाचं मोल त्याच्या पट्टीत आणि पक्कडीतच उरेल, आणि मालकांनी पगार ठरवताना ते धरलं पाहिजे.

गिऱ्हाइकाच्या हातीही काही आहे. तपासणीच्या कागदावर पीडी लिहून मागा. तो तुमचा आकडा आहे. आपलं काम आणि कामाचं अंतर आपणहून सांगा. शिंपी असाल तर सुईदोरा घेऊन जा. नवा चष्मा घातल्यावर आरशासमोर कमी वेळ घालवा. दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहा, रस्त्यावरची पाटी वाचा, खिशातल्या औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचा. कुठे अडलं तर तिथल्या तिथे परत आत जा आणि बसवून मागा. चांगला ऑप्टिशियन त्याने चिडत नाही. इतकं विचारणारं गिऱ्हाईक भेटलं की त्यालाही टार्गेटपलीकडचं आपलं काम करायला सवड मिळते.