खजिन्याची माणसं (६) : स्पिनर यांची कात्री

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेचे अर्थमंत्री सॅमन चेस यांच्यापाशी थांबलो होतो. यादवी युद्धाचा खर्च रोज वाढतोय आणि तिजोरीत पुरेसं सोनं नाही, अशी त्यांची अवस्था होती. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६१ मध्ये याच चेस यांच्या हाताखाली फ्रान्सिस स्पिनर यांना खजिनदार नेमलं. धोरण अर्थमंत्र्याचं, पण रोकड सांभाळायची ती खजिनदाराने. नोटेवर सहीही त्याची.

स्पिनर न्यूयॉर्क राज्यातल्या मोहॉक खोऱ्यातले, जर्मनीहून आलेल्या पाद्र्याचे चिरंजीव. तरुणपणी खोगिरं बनवायला शिकले, पुढे हर्किमर परगण्याचे शेरीफ झाले, बँक चालवली आणि डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसमध्ये गेले. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांनी पक्ष सोडला आणि रिपब्लिकन झाले.

खजिन्यात आल्यावर पहिली मोठी अडचण आली ती चिल्लरीची. लोकांनी नाणी दडवून ठेवली, तेव्हा सुट्टे म्हणून टपालाची तिकिटं फिरू लागली. डिंकाची तिकिटं खिशात एकमेकांना चिकटायची! स्पिनर यांनी ती खजिन्याच्या कागदावर डकवून पाहिली, आणि १८६२ च्या कायद्याने सेंटांच्या छोट्या कागदी नोटा चलनात आल्या. पुढे ५० सेंटांच्या नोटेवर खुद्द त्यांचंच चित्र छापलं गेलं. ५ सेंटांच्या नोटेवर तर छपाई खात्याचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क झळकले. काँग्रेस भडकली आणि १८६६ मध्ये तिने जिवंत माणसाचं चित्र नोटेवर छापायला बंदी घातली.

मात्र स्पिनर यांचं नाव निघतं ते दुसऱ्याच कारणाने. नोटा तेव्हा एका तावावर चार-चार छापून येत आणि कारकून त्या कात्रीने कापत. एवढ्या साध्या कामात धडधाकट पुरुष अडकवून ठेवायचे आणि तिकडे सैन्याला माणसं हवीत! कात्री बायकाच चांगली चालवतात, असा युक्तिवाद करून त्यांनी चेस यांना राजी केलं. १८६२ मध्ये जेनी डग्लस नावाची बाई या कामावर लागली. तिचा हात सफाईने चालला, आणि तिच्यामागोमाग आणखी बायका आल्या.

यात उदारपणा किती आणि हिशेब किती? माझ्या मते सुरुवातीला हिशेबच जास्त. बायकांना वर्षाला ६०० डॉलर मिळत, तर पुरुष कारकुनाला किमान १,२००. काँग्रेसने १८६६ मध्ये बायकांच्या पगाराची मर्यादा वाढवली ती ९०० पर्यंतच. पण युद्ध संपलं, सैनिक परतले, बायकांना काढा अशी ओरड झाली, तेव्हा स्पिनर मागे हटले नाहीत. इथे मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं. तोवर या बायका नुसत्या कापत नव्हत्या, मोजत होत्या, खोट्या नोटा ओळखत होत्या. १८७१ च्या शिकागो आगीत जळून कोळसा झालेल्या नोटांचे तुकडे जुळवून त्यांची किंमत ठरवण्याचं किचकट कामही खजिन्यातल्या बायकांनीच केलं.

हाताखालच्या माणसांच्या नेमणुका आपल्याच हाती असाव्यात, या मुद्द्यावरून तेव्हाच्या अर्थमंत्र्यांशी बिनसलं, तेव्हा स्पिनर यांनी १८७५ मध्ये राजीनामा दिला. १८९० च्या शेवटच्या दिवशी ते फ्लोरिडात वारले. पुढे खजिन्यातल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांचा पुतळा घडवला. तो आज हर्किमरमध्ये उभा आहे.